पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी

सॉफ्टवेअर नीट चालेना की बहुतेक जण एकच उपाय करतात. ते काढून टाकतात आणि पुन्हा इन्स्टॉल करतात. ड्रॉइंगच्या मोफत सॉफ्टवेअरबाबत हा उपाय बऱ्याचदा वाया जातो, आणि त्याचं कारण साधं आहे. लिब्रेकॅड असो, क्यूकॅड असो की फ्रीकॅड, प्रोग्रॅम एका जागी राहतो आणि वापरणाऱ्याच्या सेटिंग्ज दुसऱ्याच जागी राहतात. प्रोग्रॅम काढला तरी त्या सेटिंग्ज सहसा मागे उरतात. नव्याने आलेला प्रोग्रॅम त्याच जुन्या सेटिंग्ज उचलतो, आणि काल गायब झालेली कमांडची चौकट आजही गायबच असते. तासभर जातो, इंटरनेटचा डेटा जातो, आणि ‘फुकटचं म्हणजे असंच असणार’ हा ग्रह मात्र पक्का होतो.

हा ग्रह दूर व्हायला हवा, कारण या सॉफ्टवेअरची खरी गरज ज्यांना आहे त्यांचंच त्यात नुकसान होतं. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करणारी मुलं, पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, चार माणसांचं फॅब्रिकेशनचं दुकान चालवणारा कारागीर, स्वतःच्या घराचा प्लॅन कागदावरून संगणकावर आणू पाहणारा गृहस्थ, यांना दरवर्षी परवान्याचे पैसे मोजणं परवडत नाही. त्यांच्यासाठी हे पर्याय खरोखर कामाचे आहेत. क्यूकॅड १९९९ पासून विकसित होत आहे. त्याच्याच मुक्त आवृत्तीतून २०१० च्या सुमारास लिब्रेकॅडची शाखा फुटली. तेव्हा तिचं नाव ‘कॅडुंटू’ होतं. हे दोन्ही द्विमितीय, म्हणजे प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन काढण्यासाठी. फ्रीकॅड त्रिमितीय आहे. त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली आणि १.० हा आकडा त्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये गाठला. ज्याला फक्त खोल्यांचा नकाशा काढायचा आहे त्याने लिब्रेकॅडपासून सुरुवात करावी. तेवढ्यासाठी फ्रीकॅड शिकत बसणं म्हणजे विनाकारण लांबचा रस्ता धरणं आहे.

अडचण आली की स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. प्रोग्रॅम सुरू होतो का? सुरू झाला तर चित्र दाखवतो का? चित्र दाखवत असेल तर कीबोर्ड आणि माऊसचं ऐकतो का? तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ‘चालत नाही’ या एका तक्रारीत हे तिन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात, म्हणून उत्तर सापडत नाही.

सुरूच होत नाही

पहिली खातरजमा फाइल कुठून घेतली याची. शोधयंत्रात नाव टाकलं की वर जाहिराती येतात, आणि ‘डाउनलोड’ लिहिलेली प्रत्येक हिरवी कळ खरी नसते. लिब्रेकॅड, क्यूकॅड आणि फ्रीकॅड या तिघांचीही स्वतःची अधिकृत संकेतस्थळं आहेत आणि तिन्हींचे पत्ते ‘डॉट ऑर्ग’ने संपतात. फाइल तिथूनच घ्यावी. दुसऱ्याच्या पेनड्राइव्हवरून आलेला इन्स्टॉलर जुना असू शकतो, अर्धवट कॉपी झालेला असू शकतो, त्यात व्हायरसही असू शकतो.

अधिकृत फाइल घेतली तरी विंडोज निळी पाटी दाखवून अडवू शकतं. फारशी न वापरली गेलेली किंवा सही नसलेली फाइल दिसली की विंडोजची ‘स्मार्टस्क्रीन’ ही सोय सावध करते. फाइल अधिकृत जागेवरूनच आली असल्याची खात्री असेल तर ‘मोअर इन्फो’वर आणि मग ‘रन एनीवे’वर क्लिक करावं. खात्री नसेल तर थांबावं आणि फाइल पुन्हा घ्यावी. काही स्वस्त लॅपटॉप मात्र ‘एस मोड’मध्ये येतात, आणि त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरबाहेरचं काहीच इन्स्टॉल होत नाही. त्या मोडमधून फुकट बाहेर पडता येतं, पण एकदा बाहेर पडलं की परत जाता येत नाही. लॅपटॉप घरातल्या सगळ्यांचा असेल तर हे आधी बोलून घ्यावं.

फ्रीकॅडच्या आजच्या आवृत्त्या ६४ बिटच्या विंडोजवरच चालतात. जुना संगणक ३२ बिटचा असेल तर इन्स्टॉलर कितीदा चालवला तरी उपयोग नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ या पानावर ‘सिस्टीम टाइप’ लिहिलेला असतो, तो आधी पाहावा. कॉलेजच्या लॅबमध्ये अडचण वेगळी असते. तिथे ॲडमिनचा पासवर्ड विद्यार्थ्याकडे नसतो. अशा वेळी इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती घ्यावी. फ्रीकॅड दाबून बांधलेल्या फोल्डरच्या रूपातही मिळतं. ते फोल्डर उलगडलं की त्यातूनच प्रोग्रॅम सुरू करता येतो.

फक्त फोल्डर पूर्ण उलगडायला हवं आणि पूर्णच हलवायला हवं. ‘क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगिन सुरू करता आलं नाही’ अशा अर्थाची इंग्रजी चूक अनेकांना दिसते (क्यूटी म्हणजे मेन्यू आणि चौकटी दाखवणारी लायब्ररी). तिचं एक नेहमीचं कारण म्हणजे कुणीतरी फक्त मुख्य फाइल उचलून डेस्कटॉपवर ठेवलेली असते. ती फाइल एकटी चालत नाही, तिच्या शेजारचे फोल्डर तिला लागतात. डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवावा, मूळ फाइल नाही. हीच चूक दिसण्याचं दुसरं कारण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या संगणकांवर आढळतं. त्यांनी पायथन शिकण्यासाठी ॲनाकोंडा किंवा तत्सम संच टाकलेला असतो आणि त्याने विंडोजच्या ‘एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स’मध्ये क्यूटीचा किंवा पायथनचा स्वतःचा पत्ता लिहून ठेवलेला असतो. फ्रीकॅड आपलं पायथन सोबत घेऊन येतं. त्याला दुसऱ्याच आवृत्तीचा पत्ता दाखवला की ते सुरू होताहोता बंद पडतं. त्या यादीत ‘क्यूटी’ किंवा ‘पायथन’ने सुरू होणारी नोंद दिसली तर तिचा मजकूर वहीत उतरवून ठेवावा, नोंद तात्पुरती काढावी आणि प्रोग्रॅम सुरू होतो का ते पाहावं.

क्यूकॅडचा एक गोंधळ वेगळा सांगायला हवा, कारण त्यामुळे लोक हे सॉफ्टवेअर कायमचं सोडून देतात. संकेतस्थळावरून मिळणाऱ्या संचात व्यावसायिक भाग चाचणीसाठी जोडलेला असतो. ठरावीक वेळ झाली की मुदत संपल्याची सूचना येते आणि वाटतं, हे फुकट नाहीच. पण मोफत कम्युनिटी आवृत्ती त्याच संचात असते. चाचणीच्या त्या चौकटीतच व्यावसायिक भाग काढून टाकण्याची कळ आहे. ती दाबून क्यूकॅड पुन्हा सुरू केलं की मुदतीची सूचना येत नाही. त्याबरोबर ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल उघडण्याची सोय मात्र जाते.

लिनक्सवर ‘ॲपइमेज’ या एका फाइलीत पूर्ण प्रोग्रॅम मिळतो. तिच्यावर दोनदा क्लिक करून काहीच होत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिला ‘चालवण्याची परवानगी’ द्यावी. उबुंटू २२.०४ पासून पुढे काही ॲपइमेजना लागणारी ‘फ्यूज’ची जुनी लायब्ररी आपोआप येत नाही, ती वेगळी टाकावी लागते. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून घेतलेल्या प्रोग्रॅमला पेनड्राइव्हवरची फाइल दिसत नसेल तर तो बिघाड नाही, परवानगीचा प्रश्न आहे. मॅकवर ‘डेव्हलपरची ओळख पटत नाही’ अशी अडवणूक होते. २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून उजव्या क्लिकने उघडण्याची जुनी युक्ती तिथे चालत नाही; सिस्टीम सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन परवानगी द्यावी लागते.

सुरू होतं, पण दिसत नाही

फ्रीकॅड उघडलं, मेन्यू दिसले, नवी फाइल घेतली आणि मधला भाग काळा झाला किंवा प्रोग्रॅमच बंद पडला, तर संशय ग्राफिक्सवर घ्यावा. त्रिमितीय चित्र काढण्यासाठी फ्रीकॅड ‘ओपनजीएल’ वापरतं आणि ते संगणकाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर अवलंबून असतं. लिब्रेकॅडला त्याची गरज नसते. इथे एक सोपी चाचणी करता येते. त्याच संगणकावर लिब्रेकॅड व्यवस्थित चालत असेल आणि फ्रीकॅड काळं पडत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा आहे. अशा वेळी फ्रीकॅड दहा वेळा पुन्हा टाकलं तरी फरक पडणार नाही. ज्या कंपनीचं ग्राफिक्स आहे, इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडी, तिच्या संकेतस्थळावरून ताजा ड्रायव्हर घ्यावा. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये फ्रीकॅडला जास्त ताकदीचं ग्राफिक्स नेमून द्यावं. संगणक फारच जुना असेल तर फ्रीकॅडच्या प्रेफरन्सेसमध्ये डिस्प्लेच्या भागात ‘सॉफ्टवेअर ओपनजीएल’चा पर्याय आहे. त्याने वेग कमी होतो, पण चित्र दिसतं. दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने काम करताना चित्र येत नसेल तर आधी त्या संगणकासमोर बसून पाहावं, कारण अशा जोडणीत ओपनजीएल नीट मिळेलच असं नाही.

चौकटी विस्कटल्या, टूलबार गेले, कालपर्यंत असलेलं बटण आज नाही, हे मात्र सेटिंग्जचं काम आहे. फ्रीकॅड १.० मध्ये हेल्प मेन्यूत ‘सेफ मोड’मध्ये पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. त्यात ते कोऱ्या सेटिंग्जने उघडतं. सेफ मोडमध्ये सगळं ठीक चालत असेल तर गुन्हेगार सापडला. मग विंडोजच्या ॲपडेटामधलं फ्रीकॅडचं फोल्डर शोधावं आणि त्याचं नाव बदलून ठेवावं. ते खोडू नये. स्वतः लिहिलेले मॅक्रो आणि घेतलेले ॲडऑन त्यातच असू शकतात. लिब्रेकॅडच्या सेटिंग्ज विंडोजमध्ये रजिस्ट्रीत आणि लिनक्सवर ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये राहतात. रजिस्ट्रीला सरावाशिवाय हात लावू नये. लिब्रेकॅडमध्ये हरवलेली चौकट विजेट्स मेन्यूतून एका क्लिकवर परत येते, तेवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं.

ओढलेली रेषाच दिसत नसेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. लेयरच्या यादीत चालू लेयरसमोरचा डोळा बंद आहे का? आणि चित्र पडद्याच्या बाहेर तर नाही ना? सरकारी मोजणीवरून आलेल्या नकाशात निर्देशांक लाखांत असतात, म्हणून चित्र शून्यापासून खूप दूर जाऊन बसतं आणि पडदा रिकामा वाटतो. ‘झूम ऑटो’ केलं की ते समोर येतं.

कमांड घेत नाही

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि मराठी टंकलेखन करणाऱ्यांचा तर हमखास जातो. लिब्रेकॅडमध्ये रेषेसाठी ‘एल’ आणि ‘आय’ ही दोन इंग्रजी अक्षरं दाबायची असतात. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर असेल तर त्याच कळांवर ‘त’ आणि ‘ग’ बसलेले आहेत. प्रोग्रॅमला ‘तग’ असा शब्द पोचतो आणि तो ‘अशी कमांड नाही’ असं उत्तर देतो. थोड्या वेळापूर्वी कुणाला तरी मराठीत पत्र लिहिलेलं असतं, कीबोर्ड तसाच राहिलेला असतो, आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषेची खूण पाहावी. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबले की भाषा बदलते. काही मराठी मांडण्यांत आकडेही देवनागरी उमटतात, आणि लिब्रेकॅडची कमांड ओळ ते मोजमाप म्हणून घेत नाही. म्हणून या लेखात पुढे जे आकडे दिले आहेत ते संगणकावर इंग्रजी अंकांत टंकावेत.

आकड्यांचा आणखी एक पेच फ्रीकॅडमध्ये येऊ शकतो. विंडोजचा ‘प्रदेश’ मराठी (भारत) ठेवला असेल तर आकडे दाखवण्याची पद्धतही त्याबरोबर बदलू शकते, आणि मोजमापाच्या रकान्यात देवनागरी अंक दिसू शकतात. फ्रीकॅडच्या प्रेफरन्सेसमध्ये जनरलच्या पानावर आकड्यांची मांडणी निवडता येते. तिथे ‘सी/पॉझिक्स’ निवडावं. मग संगणकाची बाकी मराठी तशीच राहते आणि ड्रॉइंगचे आकडे मार्गावर येतात.

लिब्रेकॅड पहिल्यांदा सुरू होताना तीन गोष्टी विचारतं: मोजमापाचं एकक, मेन्यूची भाषा आणि कमांडची भाषा. घाईत ‘ओके’ दाबून पुढे जाणाऱ्यांचं इथे फसतं. मेन्यू इंग्रजी आणि कमांडची भाषा भलतीच असली तर पुस्तकात दिलेल्या कमांड चालत नाहीत. दोन्ही भाषा नंतर ॲप्लिकेशन प्रेफरन्सेसमधून बदलता येतात. शिकताना कमांडची भाषा इंग्रजीच ठेवावी, कारण शिकवणारं बहुतेक साहित्य तिलाच धरून आहे.

भाषा बरोबर असूनही कळा दाबल्यावर काही उमटत नसेल तर कर्सर कमांडच्या ओळीत नाही. तिच्यात क्लिक करावं किंवा स्पेस बार दाबावा. ती ओळच दिसत नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे विजेट्स मेन्यूतून परत आणावी.

आता मुख्य मुद्दा. ऑटोकॅडवर शिकलेला माणूस लिब्रेकॅडवर आला की त्याची मापं चुकू लागतात आणि त्याला वाटतं की हे सॉफ्टवेअर भरवशाचं नाही. कारण वेगळंच आहे. ऑटोकॅडमध्ये २००६ च्या आवृत्तीपासून ‘डायनॅमिक इनपुट’ आलं. ते चालू असताना दुसऱ्या बिंदूपासून पुढचे आकडे आपोआप आधीच्या बिंदूपासून मोजले जातात. लिब्रेकॅड असं काही गृहीत धरत नाही. नुसते दोन आकडे दिले की ते शून्य बिंदूपासून मोजतं. आधीच्या बिंदूपासून मोजायचं असेल तर आकड्यांपूर्वी ‘@’ हे चिन्ह द्यावंच लागतं.

उदाहरणादाखल बारा फूट बाय दहा फुटांची खोली घेऊ. मिलिमीटरमध्ये ती साधारण ३६५८ बाय ३०४८ होते. रेषेची कमांड देऊन पहिला बिंदू ०,० दिला. मग @३६५८,० दिलं, मग @०,३०४८ आणि मग @-३६५८,०. शेवटी ‘क्लोज’ केलं की चौकोनी खोली तयार होते. आता तेच आकडे ‘@’ न लावता देऊन पाहू. पहिली भिंत बरोबर येते, कारण सुरुवातच शून्यातून झाली होती, आणि इथेच माणूस गाफील राहतो. दुसरी रेषा सरळ वर जाण्याऐवजी तिरपी डावीकडे चढते, कारण ०,३०४८ हा बिंदू शून्याच्या बरोबर वर आहे. तिसरी तिथून तिरपी खाली उतरून शून्याच्या डावीकडे -३६५८ वर पोचते. क्लोज केल्यावर खोलीच्या जागी तंबू उभा राहतो, ७३१६ मिलिमीटर पायाचा त्रिकोण. असा त्रिकोण पडद्यावर दिसला की दुसरं काही शोधू नये, ‘@’ राहिलं आहे.

याच चिन्हाने कोनही देता येतो. @३०४८<९० म्हणजे आधीच्या बिंदूपासून ९० अंशांच्या दिशेने ३०४८. इथे शून्य अंश उजवीकडे, पूर्वेला असतो आणि कोन घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो. सर्व्हेचा दिक्कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला असतो. म्हणून सर्व्हेतला आकडा जसाच्या तसा टाकला की प्लॉट भलतीकडे वळतो. दिक्कोन ९० तून वजा करावा. सर्व्हेत ३० असेल तर इथे ६० टाकावेत.

फुटांचे मिलिमीटर करायला कॅल्क्युलेटर शेजारी घेऊन बसायची गरज नाही. लिब्रेकॅडच्या कमांड ओळीत गणित चालतं. @१२*३०४.८,० असं लिहिलं तरी ते समजतं. आकड्यातला दशांश टिंबानेच द्यावा, कारण स्वल्पविराम दोन निर्देशांक वेगळे करण्यासाठी राखलेला आहे. हजारांसाठी स्वल्पविराम टाकण्याची सवय इथे घातक ठरते. ३,६५८ लिहिलं की प्रोग्रॅमला तीन आणि सहाशे अठ्ठावन्न असा वेगळाच बिंदू मिळतो. फ्रीकॅडचं याबाबत सोपं आहे. त्याच्या रकान्यात आकड्यापुढे फूट किंवा इंचाचं एकक लिहिलं की ते स्वतःच रूपांतर करतं. एकक न लिहिता १० टाकलं तर मात्र ते मूळ ठेवणीत दहा मिलिमीटर धरतं, दहा इंच नाही.

कर्सर उड्या मारतो, हवा तिथे थांबत नाही, ही तक्रार ‘स्नॅप’ची आहे. ग्रिड स्नॅप चालू असेल तर कर्सर फक्त जाळीच्या बिंदूंवर टेकतो. याउलट सगळे स्नॅप बंद करून डोळ्यांच्या अंदाजाने रेषा जोडल्या तर पडद्यावर त्या जुळलेल्या दिसतात, पण झूम केल्यावर फट दिसते. अशा फटीमुळे पुढे हॅच भरत नाही, आणि लेझर कटिंगला दिलेल्या फाइलीत तुकडा बंद आकार म्हणून ओळखला जात नाही. भिंती जोडताना ‘एंडपॉइंट’ स्नॅप चालू ठेवावा, ग्रिड बंद. एवढी एक सवय लागली तर पुढचं पुष्कळ काम वाचतं.

‘मूव्ह’, ‘कॉपी’, ‘रोटेट’ देऊनही काही होत नाही असं वाटलं तर बहुधा निवड पक्की केलेली नसते. वस्तू निवडून झाल्यावर एंटर दाबायचा असतो, त्यानंतर प्रोग्रॅम पुढचा बिंदू विचारतो. चौकट ओढून निवडताना डावीकडून उजवीकडे ओढली तर पूर्ण आत आलेल्या वस्तूच निवडल्या जातात. उजवीकडून डावीकडे ओढली तर नुसत्या स्पर्शलेल्याही येतात.

लॅपटॉपवर माऊसशिवाय फ्रीकॅड चालवणाऱ्यांना मॉडेल फिरवता येत नाही, कारण मूळ ठेवणीत त्यासाठी माऊसचं मधलं बटण लागतं. खालच्या पट्टीत उजवीकडे माऊसची पद्धत निवडण्याची सोय आहे. तिथे ‘जेश्चर’ निवडलं की डावं बटण दाबून ओढल्यावर मॉडेल फिरतं आणि उजवं दाबून ओढल्यावर सरकतं. ‘टचपॅड’ नावाचीही पद्धत आहे. तरीही ज्याला रोज काम करायचं असेल त्याने चाक असलेला साधा माऊस विकत घ्यावा. या कामात तो सर्वांत उपयोगी खर्च आहे.

मराठी अक्षरं, मराठी फोल्डर, दुसऱ्याची फाइल

ड्रॉइंगवर ‘स्वयंपाकघर’ किंवा ‘उत्तर’ असं मराठीत लिहायला गेलं की लिब्रेकॅडमध्ये निराशा होते. त्याचे फॉन्ट संगणकाच्या फॉन्टपेक्षा वेगळे, रेषांनी घडवलेले असतात आणि ते एकेक अक्षर सुटं मांडतं. देवनागरीला वेलांटी आधी, रफार वर, जोडाक्षर एकत्र अशी मांडणी लागते, ती त्याच्याकडे नाही. मोठ्या मराठी मजकुरासाठी त्याच्यामागे लागू नये. खोल्यांची नावं इंग्रजीत ठेवावीत, किंवा प्लॅन पीडीएफ करून मराठी मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वर चढवावा. फ्रीकॅडमध्ये ड्रॉइंगची शीट तयार करणाऱ्या ‘टेकड्रॉ’च्या पानावर टाकलेली टीप संगणकाच्या फॉन्टमध्ये उमटते, तिथे मराठी नीट येते. पण त्याच फ्रीकॅडमध्ये अक्षरांचे घन आकार करणारी ‘शेपस्ट्रिंग’ वापरली तर जोडाक्षरं सुटतात. दुकानाची मराठी पाटी कापून घ्यायची असेल तर अक्षरांच्या बाह्यरेषा इंकस्केप या चित्रांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये तयार करून आणाव्यात.

फाइल उघडत नाही आणि कारणही समजत नाही, तेव्हा फोल्डरचं नाव पाहावं. विंडोजवर लिब्रेकॅडला ‘आमचे घर’ अशा देवनागरी नावाच्या फोल्डरमधली फाइल वाचताना अडचण येऊ शकते. तीच फाइल इंग्रजी नावाच्या साध्या फोल्डरमध्ये कॉपी करून उघडून पाहावी.

आर्किटेक्टकडून आलेली फाइल बहुधा डीडब्ल्यूजी असते. हा ऑटोकॅडचा स्वतःचा साचा. लिब्रेकॅड तो मर्यादित प्रमाणात वाचतं, लिहीत नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेली ओपन डिझाइन अलायन्स ही संस्था ‘ओडीए फाइल कन्व्हर्टर’ मोफत देते. त्यातून फाइल लिब्रेकॅडला नीट वाचता येणाऱ्या डीएक्सएफ साच्यात, २००० किंवा २००७ च्या आवृत्तीत, बदलून घ्यावी. त्याहून सोपं म्हणजे पाठवणाऱ्यालाच डीएक्सएफ मागावी. त्याच्या बाजूला ते ‘सेव्ह ॲज’मधलं एका क्लिकचं काम आहे. फाइल उघडल्यावर पहिल्यांदा दरवाजा मोजावा. ९०० मिलिमीटरचा दरवाजा ३५.४ भरला तर ड्रॉइंग इंचांत आहे. ते २५.४ पटीने स्केल करावं आणि मगच पुढे एकही रेषा ओढावी.

एवढं करूनही सुटलं नाही तर मदत मागावी. मागताना सॉफ्टवेअरची आवृत्ती, संगणकाची प्रणाली, आलेल्या चुकीचे नेमके शब्द आणि आपण कोणत्या क्रमाने काय केलं, हे चारही लिहावं. फ्रीकॅडमध्ये ‘अबाउट’च्या चौकटीत ही सगळी माहिती एका कळीने कॉपी होते. लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड या दोघांच्याही अडचणींच्या नोंदी गिटहबवर उघड्या असतात आणि तिथे कुणीही नवी नोंद करू शकतो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी चालतं. सोबत पडद्याचं चित्र आणि अडचण दाखवणारी छोटी फाइल जोडावी. देवनागरी अंक, देवनागरी फोल्डर आणि सुटलेली जोडाक्षरं यांचा त्रास देवनागरी न वापरणाऱ्यांना होत नाही, त्यामुळे तो त्यांच्याकडून नोंदवला जाणार नाही. तो मराठी वाचकांनीच नोंदवावा.